चाकात हवा भरणारा पशुवैद्य : जॉन बॉइड डनलॉप

बेळ्ळंदूर (बंगळूर), २३ ऑक्टोबर : बंगळूरच्या बाह्य वर्तुळाकार मार्गावर बेळ्ळंदूरजवळ रोज सकाळी मोटारींच्या रांगा लागतात. आयटी कंपन्यांच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या या मोटारींचे मॉडेल वेगळे, रंग वेगळा, इंधनही वेगळे; मात्र त्या सर्वांचा भार पेलते ती चार काळ्या कड्यांत कोंडलेली हवा. रबराच्या नळीत हवा भरून चाकाभोवती बसवण्याची कल्पना जगाच्या व्यवहारात आणणारे स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांची आज पुण्यतिथी. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यंदाही दिवाळीच्या तोंडावर बेळ्ळंदूर परिसरातील अनेक मराठी कुटुंबे मोटारीने गावाकडे निघतील. बंगळूरहून हुबळी, बेळगाव, कोल्हापूरमार्गे पुण्यापर्यंतचा प्रवास सुमारे साडेआठशे किलोमीटरचा आहे. ऑक्टोबरमध्ये बंगळूरला परतीचा पाऊसही असतो. अशा वेळी टायर बदलून घ्यायला दुकानात गेलेला ग्राहक बहुधा आधी कंपनीचे नाव विचारतो, मग किंमत. टायरच्या कडेवर उठावाने कोरलेली अक्षरे आणि आकडे फारच थोडे जण वाचतात. नाव एकाचे आणि कर्तृत्व अनेकांचे, हा टायरच्या इतिहासातील विरोधाभास डनलॉप यांच्या जीवनातच ठळकपणे दिसतो.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील ड्रेघॉर्न या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथील डिक पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि अवघ्या १९व्या वर्षी ते पशुवैद्य झाले. जवळपास दहा वर्षे त्यांनी एडिंबरोतच व्यवसाय केला. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक येथे त्यांनी भाऊ जेम्स यांच्या साथीने दवाखाना चालवला आणि पुढे ते बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेलफास्टच्या मे स्ट्रीटवरील त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक गणला जाऊ लागला होता.

तो काळ घोड्यांचा होता. शहराची मालवाहतूक, टपाल, प्रवास सारे घोड्यांच्या बळावर चाले आणि घोड्यांवर उपचार करणाऱ्या वैद्याला दिवसभर दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून फिरावे लागे. गाड्यांच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव असे. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवीत तशीच. सायकली आणि तीनचाकी यांना भरीव रबराची पट्टी बसवीत. तिने खडखडाट थोडा कमी होई, पण रस्त्याचा प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या पाठीला कळे.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप यांनी या प्रश्नात लक्ष घातले, ते मुलासाठी. त्यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवीत असे आणि फरसबंदीवर त्याला फार हादरे बसत. रबर हाताळण्याचा डनलॉप यांना सराव होता. त्यांनी पातळ रबरी पत्र्याची नळी तयार केली, ती एका गोल लाकडी फळीच्या कडेभोवती बसवली, वरून लिननचे कापड गुंडाळून ते चुकांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात त्यांनी दोन चाके एकापाठोपाठ गडगडत सोडली : एक तीनचाकीचे जुने चाक आणि दुसरी ही हवेची फळी. जुने चाक अंगण संपण्याआधीच कलंडले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि तेथून उसळून मागे आले.

या प्रयोगात पुढील शतकाचे तंत्र सामावले होते. खड्यावरून जाताना कठीण चाक सबंध उचलले जाते आणि पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती त्या उचलण्यात खर्ची पडते. हवेचे चाक खड्याला आपल्या अंगात सामावून घेते. त्याचा तेवढाच भाग दबतो आणि पुढे गेल्यावर पूर्ववत होतो. म्हणजे हवा प्रवाशाला आराम तर देतेच, शिवाय श्रमही वाचवते. आज ज्याला टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे घरंगळण्यातील विरोध म्हणतात आणि ज्यावर मोटारीचा इंधनखर्च बऱ्याच अंशी अवलंबून असतो, त्याचे मोजमाप डनलॉप यांनी बेलफास्टच्या अंगणात नकळत केले होते.

१८८८ च्या आरंभीच्या महिन्यांत मुलाच्या तीनचाकीला हवेची चाके बसली. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. तरीही जाड, फुगीर चाकांची ही सायकल लोकांना हास्यास्पद वाटे. चित्र पालटले ते शर्यतीच्या मैदानावर. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचे कर्णधार विली ह्यूम यांनी हवेच्या टायरची सायकल विकत घेतली आणि १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या चारही शर्यती जिंकल्या. त्यानंतर इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही त्यांनी बहुतेक शर्यती मारल्या. वेगापुढे थट्टा थांबली.

ह्यूम यांच्याकडून हरलेल्यांत डब्लिनचे कागद व्यापारी हार्वे द्यु क्रो यांचे पुत्र होते. द्यु क्रो यांनी पराभवातील संधी ओळखली. त्यांच्या पुढाकाराने १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिन येथे हवेचे टायर बनवणारी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या हवाली केले आणि त्यांच्याकडे काही समभाग आले. पन्नाशीला टेकलेल्या पशुवैद्याच्या हाती आता उद्योगाची सूत्रे येतील, असे कोणालाही वाटले असते.

घडले मात्र वेगळेच. पेटंट मिळून दोन वर्षे होतात तोच ते अवैध असल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. कारण हाच शोध त्यांच्या आधी ४० हून अधिक वर्षे एका स्कॉटिश माणसानेच लावला होता.

त्यांचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. १८२२ मध्ये स्टोनहेवन येथे जन्मलेले थॉमसन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे बरेचसे शिक्षण स्वतःच्या बळावर मिळवले. १० डिसेंबर १८४५ रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, त्यांनी हवेच्या चाकाचे ब्रिटिश पेटंट घेतले होते. पुढील दोन वर्षांत फ्रान्स आणि अमेरिकेतही त्याची नोंद झाली. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे वेष्टण आणि ते चाकाला बोल्टने जखडलेले, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून प्रात्यक्षिकही झाले. चाकांच्या एका संचाने सुमारे १,२०० मैलांचा प्रवास केल्याची नोंद आहे.

पण त्या काळी सायकल बाल्यावस्थेत होती, मोटार जन्मलीच नव्हती आणि पातळ, चांगले रबर दुर्मिळ होते. घोडागाडीसाठी एवढा खर्च करायला कोणी तयार नव्हते. थॉमसन दुसऱ्या कामांकडे वळले. जावा बेटावर त्यांनी साखर कारखान्यांची यंत्रे सुधारली. एडिंबरोला परतल्यावर भरीव रबरी चाकांचे वाफेवर चालणारे रस्त्यावरील इंजिन बनवले. ही इंजिने हिंदुस्थानात पंजाबपर्यंत पोहोचली होती. १८७३ मध्ये पन्नासाव्या वर्षी थॉमसन यांचे निधन झाले. डनलॉप यांच्या अंगणातील प्रयोगाला तेव्हा अजून १४ वर्षे अवकाश होता. डनलॉप यांना या पूर्वसूरींची माहिती नव्हती. त्यांनी हा शोध स्वतंत्रपणेच लावला होता. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रथम नोंदणीला महत्त्व होते.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनी तरली ती इतरांच्या शोधांवर. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवून व कापडाने गुंडाळून बसवलेला असे. पंक्चर झाले की तो उकलून काढायला आणि पुन्हा बसवायला तासन्‌तास लागत. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत तारेची न ताणणारी कडी घालण्याची युक्ती काढली. त्याच सुमारास विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या काठात अडकणारी टायरची कड तयार केली. कंपनीने हे दोन्ही हक्क मिळवले. टायर आता रिमवरून उतरवता आणि पुन्हा चढवता येऊ लागला. आजच्या मोटारीचा टायरही रिमवर घट्ट बसतो तो कडांतील पोलादी तारेच्या कड्यांमुळे, म्हणजे वेल्च यांच्या तत्त्वावर. त्यांचे नाव मात्र कोणत्याही टायरवर नाही.

कंपनीच्या कारभारात डनलॉप फार काळ रमले नाहीत. १८९५ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी द्यु क्रो यांनी हा व्यवसाय टेरा हूली या भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला. हूली यांनी नव्या संचालक मंडळासह तीच कंपनी ५० लाख पौंडांच्या भांडवलावर लोकांसाठी खुली केली. सायकलींच्या लाटेत टायरचा व्यापार असा फुगत असताना ज्यांच्या अंगणात त्याची सुरुवात झाली, त्यांच्या वाट्याला त्या संपत्तीचा मोठा भाग आला नाही. कंपनीने त्यांचे नाव घेतले आणि दाढीधारी वृद्ध डनलॉप यांचा चेहरा व्यापारचिन्ह म्हणून जगभर पोहोचला.

डनलॉप यांचे उर्वरित आयुष्य डब्लिनमध्ये शांतपणे गेले. कापडाच्या एका पेढीत त्यांचे हितसंबंध होते. टायरच्या व्यवसायात ते पुन्हा पडले नाहीत. बॉल्सब्रिज येथील राहत्या घरी त्यांचा अंत झाला आणि डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. अनेक दशकांनंतर उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

टायरच्या जगात नाव आणि माणूस यांची अशी ताटातूट आणखी एकदा झाली आहे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. त्यात गंधक मिसळून ते तापवले की टिकाऊ होते, हे अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधले. या व्हल्कनायझेशनशिवाय थॉमसन किंवा डनलॉप यांचे चाक शक्यच नव्हते. गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी त्यांचा किंवा त्यांच्या कुटुंबाचा काहीही संबंध नव्हता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आज तिचा कारखाना आहे.

डनलॉप हे नाव भारतात रुजले ते हुगळीकाठी. बंगालमधील साहागंज येथील डनलॉपच्या कारखान्यात १९३६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि देशातील टायर उद्योगाचा पाया घातला गेला. महाराष्ट्रात १९५८ मध्ये मुंबईच्या भांडुप उपनगरात मूळच्या इटालियन सिएट कंपनीच्या सहकार्याने टायरनिर्मितीला प्रारंभ झाला. साहागंजचा कारखाना पुढे डबघाईला येऊन बंद पडला. डनलॉप हे नाव मात्र आजही टिकून आहे. गेल्या काही दशकांत त्याचे हक्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांकडे फिरत राहिले आहेत.

दरम्यान, टायर स्वतः पूर्णपणे पालटला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एदुआर मिशलँ या फ्रेंच बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धाववली. पंक्चरांनी ते हैराण झाले, पण मोटारही हवेवर चालू शकते हे सिद्ध झाले. विणलेल्या कापडातील उभे-आडवे धागे एकमेकांना घासून टायर आतून झिजवतात, हे ओळखून जॉन फुलर्टन पामर यांनी धागे एकमेकांपासून वेगळे ठेवणारी रचना काढली. सुरुवातीचे टायर पांढुरके असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रबरात काजळीची पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याचा प्रघात पडला आणि टायर काळा झाला, त्याबरोबरच कित्येक पटींनी टिकाऊही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्यूबविरहित टायर आले. १९४६ मध्ये मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत असत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे कडा लवचीक राहते, रस्त्याला टेकणारा भाग स्थिर राहतो, टायर कमी तापतो आणि इंधनही वाचते.

या साऱ्या इतिहासाचा सारांश टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. भारतात अनेक मोटारींना लागणाऱ्या १९५/५५ आर १६ ८७ व्ही या टायरचे उदाहरण घेता येईल. १९५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आहे. ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, अर्थात सुमारे १०७ मिलिमीटर. आर हे अक्षर रेडियल रचनेचे आहे. पुष्कळांना वाटते तसे त्रिज्येचे नव्हे. १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ८७ हा भारांक असून त्याचा अर्थ योग्य दाब असताना एक टायर ५४५ किलो भार पेलू शकतो. व्ही ही वेगश्रेणी आहे : ताशी कमाल २४० किलोमीटर. याच श्रेणीत एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटर. टायर बदलताना मूळ भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर घेऊ नये, असे त्यामुळेच सांगितले जाते. दिवाळीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघणाऱ्या मोटारीसाठी हा आकडा कंपनीच्या नावाहून अधिक मोलाचा आहे.

कडेवरच लहानशा चौकटीत चार आकडे असतात. २३२२ असे लिहिले असल्यास तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. रबर न वापरताही कालांतराने कडक होते व त्याला भेगा पडतात. म्हणून नवा म्हणून विकला जाणारा टायर खरोखर किती नवा आहे, हे या चार आकड्यांवरून ताडून पाहता येते. कडेवर छापलेला कमाल दाब हा मात्र रोज भरण्याचा दाब नव्हे. मोटारीसाठी योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की मोटारीचा टायर बदलणे बंधनकारक असते. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्हही आवश्यक आहे.

कडेवरील या मजकुराखेरीज अलीकडे टायरला चिकटवलेले लेबलही दिसू लागले आहे. युरोपीय संघाने ते २०१२ पासून लागू केले आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा केली. इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड यांना ए ते ई अशी श्रेणी, तसेच बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजाची डेसिबलमधील पातळी त्यावर असते. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये घरंगळण्यातील विरोध, ओल्यावरील पकड आणि आवाज या तिन्ही बाबींसाठी एआयएस-१४२ हे मानक अधिसूचित केले. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित लेबलेही टायरसाठी दिली जाऊ लागली आहेत. जितके तारे अधिक, तितकी इंधनाची बचत अधिक. मात्र इंधन बचतीचा टायर ओल्या रस्त्यावरही तितकाच भरवशाचा असेलच असे नाही, म्हणून दोन्ही निकष स्वतंत्रपणे पाहणे हिताचे ठरते.

बेळ्ळंदूरकरांना ओल्या रस्त्याचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने बाह्य वर्तुळाकार मार्गाचा हा पट्टा पाण्याखाली गेला होता. एरवीच्या सरीतही रस्त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो. नक्षीच्या खाचा ते पाणी बाजूला सारतात आणि रबराला डांबराशी भिडू देतात. खाचा बुजलेल्या असतील, तर वेगात मोटार पाण्यावर तरंगते आणि मग स्टीअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी ठरतात. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताहून फारसा मोठा नसतो. संपूर्ण कुटुंबाची भिस्त अशा चार तळहातांवर असते.

बेलफास्टच्या पशुवैद्याने मुलाच्या पाठीला बसणारे हादरे वाचवण्यासाठी जी हवा चाकात कोंडली, ती आजही तेच काम करते आहे. गावाकडे निघण्यापूर्वी स्टेपनीसह पाचही टायरमधील हवा तपासणे, खाचांतील उंचवटे पाहणे आणि कडेवरचे चार आकडे वाचणे, एवढ्या कामाला दहा मिनिटे पुरतात.